बाबांनी मोजलेले थेंब

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बाबांच्या तेरवीला जवळची सगळी माणसं घरात होती, तेव्हा एकदा अगदी ओठांवर आलं होतं — आणि मी उठून चहा ठेवायला गेले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. की हाही भित्रेपणाच आहे?

बेडकांपासून सांगायला हवं. हुडकेश्वरच्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत, काचेच्या टाकीत बाबांचे चार बेडूक होते. जन्मभर पाण्यातच राहणारी जात, अंगठ्याएवढी. श्वासापुरती वर यायची. सर्वांत जाड्याचं नाव सरपंच. गावाकडून, खाप्याहून आत्या आली की टाकीपुढे उभी राहून हसायची, "काहून गा दादा, पावसाळ्यात आमच्या आंगनात फुकट येतात हे! अन् तू त्यायले चिमट्यानं जेवू घालून राहिला?" बाबा म्हणायचे, "तुह्याकडचे गावठी आहेत वं. हे शहरातले."

पण पाण्याच्या बाबतीत ते थट्टा करत नसत. नळाचं पाणी टाकीत घालण्याआधी बादलीत क्लोरीन काढणारं औषध टाकायचे, आणि थेंब मोठ्यानं मोजायचे — एक, दोन, तीन — पाढे म्हणणाऱ्या मुलासारखे. त्याला कारण होतं. माझे आजोबा शेवटी स्वतःच्या मुलांची नावं विसरले होते. बाबांना मरणाची भीती नव्हती. त्या विसरण्याची होती. मला हे ठाऊक होतं. माझ्याबद्दल मत बनवताना एवढं धरून चाला — मला ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात त्यांनी दोन नवे बेडूक आणले, जुन्यांहून लहान. त्यांना थेट टाकीत सोडायचं नव्हतं. नवा बेडूक वरून ठणठणीत दिसतो आणि कातडीतून आजार घेऊन येतो, म्हणून दीड-दोन महिने त्यांचा टब वेगळा, जाळी वेगळी. खायला आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि मध्ये हात धुवायचे. हे सगळं मला समजावून बाबा खाप्याला गेले, कारण आत्याचा पाय मोडला होता.

मी तो नियम किती पाळला? जेमतेम चार-पाच दिवस. टब न्हाणीघरात होता, उन्हानं त्याचं पाणी तापायचं, सारखं बदलावं लागायचं. मला कंटाळा आला. एवढंच. मी कॉलेजात शिकवते, त्या बेडकांवरचं पुस्तक बाबांना मीच वाचून दाखवलं होतं — आणि एका दुपारी मी त्या दोघांना उचलून टाकीत सोडलं. सगळे एकत्र पोहताना छान दिसत होते.

बाबा परत येणार होते त्या सकाळी मी दोघांना पुन्हा टबात ठेवलं. लहान होते, ओळखू आले.

बाबा आले, आंघोळ केली, आणि संध्याकाळी त्यांनी टाकीतलं थोडं पाणी बदललं. त्या आठवड्यातच सरपंच पाण्याच्या वरच्या थरात लटकल्यासारखा दिसू लागला. खाईना. अंगावरची कातडी ओल्या कापसासारखी सुटत होती. एकामागून एक चौघेही गेले. टबातले दोघे मात्र मजेत होते.

आणि म्हणूनच बाबांनी विचार केला, तो असा — नवे तर वेगळेच होते, तेव्हा आजार त्यांचा नाही. म्हणजे पाण्यातच घोळ झाला. त्या दिवशी बदललं होतं फक्त टाकीचं पाणी, आणि तेही त्यांनी स्वतः. रिकामी टाकी पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, "मी त्या दिवशी थेंब टाकले होते ना वं, बाई?"

खरं बोलायला तेव्हा कितीसा वेळ लागला असता? मी म्हणाले, "मला तर नाही दिसलं, बाबा."

त्यांनी फडका पिळून वाळत घातला.

त्यानंतर गॅस बंद आहे का, हे ते मला विचारू लागले. मग स्कूटरची किल्ली आणून माझ्या हातात दिली — "रस्ता इसरलो तं?" एकदाही रस्ता चुकले नव्हते. संध्याकाळी कट्ट्यावरच्या मित्रांकडे जाणं थांबलं. बोलता बोलता नाव आठवलं नाही तर हसतील, म्हणायचे. आणि मी? मी किल्ली घेतली. सांगायला लाज वाटते, पण मला ते सोयीचंही होतं. बाबा आता माझ्याशी वाद घालत नव्हते.

त्यांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत होती. गेल्या वर्षी त्यांचं हृदय थांबलं, डोकं नाही. जाण्याच्या थोडं आधी आत्या भेटायला आली होती. तिला ते म्हणाले, "माह्या डोस्क्याचं काही खरं नाही वं. बेडकं मेले तवाच समजलं मले." आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पांघरुणाची घडी नीट करत होते. करत राहिले.

ते दोन बेडूक अजून आहेत. त्यांचं पाणी आता मी बदलते. थेंब टाकताना मोजते, पण मनात. मोठ्यानं मला जमत नाही.

बाबांनी टाकीचं पाणी बदललं त्या संध्याकाळी मी न्हाणीच्या दारातच उभी होते, त्यांचा टॉवेल हातात घेऊन. बाबा बादलीवर वाकले होते आणि मोजत होते. एकही थेंब चुकला नाही. मी सगळे ऐकले होते.