पंचावन्न इंची टीव्ही आणि बाबांचे डोळे

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. दोन-तीनदा तोंड उघडलं — आणि गॅस संपत आलाय का, असलं काहीतरी विचारून मोकळा झालो. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठीच, की तुम्ही बाबांना ओळखत नाही.

बाबा गिरणीत होते. गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. लालबागच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो, आई तिथे जेमतेम वर्षभर राहिली अन् गेली. मग बाबांना टीव्हीवरची कबड्डी तेवढी उरली. एका संध्याकाळी सामना चालू असताना म्हणाले, "बाबू, टीव्ही बिघडलो रे. मैदानाची रेषा वाकडी दिसता. माणसांचां तोंडच दिसना नाय, मधीच काळो डाग."

मला रेषा सरळ दिसत होती. डाग कुठेच नव्हता.

मी त्यांना खिडकीशी नेलं. एक डोळा झाकून गज बघायला सांगितले, मग दुसरा. "गज पण वाकडे," ते म्हणाले आणि हसले. "बिल्डरान फसवल्यान."

म्हणजे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. टीव्हीत काही बिघाड नव्हता — आणि हे मला माहीत होतं. एवढं वाक्य लिहायला चार वर्षं गेली.

मग मी काय केलं? म्हणालो, "जुना झालाय बाबा. नवीन घेऊ."

का? मला मोठा टीव्ही हवा होता. बस, एवढंच. आहे तो चालतोय तोवर दुसरा कशाला, असं म्हणणारा माणूस स्वतःहून बिघडला म्हणत होता. डोळ्यांचं काढलं तर केसपेपर, रांगा, रजा... डोळे नंतर दाखवू, असं मी मनाशी म्हटलं. नंतर म्हणजे कधी?

दोन महिने मी टीव्ही निवडत होतो. किती व्हिडिओ पाहिले! ओएलईडीत काळा रंग खरा काळा दिसतो, पण आमच्या हॉलमध्ये दिवसभर ऊन, तिथे साधा एलईडी बरा. सोफ्यापासून भिंत आठ फूट, म्हणजे पंचावन्न इंच. बाजूने बघितलं तर रंग फिके पडतात का? खेळाडू पळताना चित्र फरफटतं का? टेप घेऊन भिंत मोजली. डोळ्यांचा दवाखाना परळला, घरापासून दहा मिनिटांवर होता.

दादरच्या दुकानात बाबा एकेका टीव्हीसमोर उभे राहिले. "ह्येच्यात पण डाग आसा." पुढचा. "ह्येच्यात पण." टीव्ही दाखवणाऱ्या बाई थांबल्या. "काका, डोळे तपासलेत का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं — म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला, तेव्हा ते तसंच बघायला लागले होते.

"तपासलेत," मी म्हणालो. "नुसता चष्म्याचा नंबर आहे."

बाबा पुढच्या टीव्हीकडे वळले. भिंतीवर टीव्ही लागला त्या दिवशी समोर बसून म्हणाले, "बरो आसा."

आणखी तीन महिन्यांनी त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला, हात भाजला. बायको हट्टाने दवाखान्यात घेऊन निघाली, मीही गेलो. डोळ्याच्या पडद्यामागे रक्त उतरत होतं, डॉक्टर म्हणाल्या. वेळेवर इंजेक्शनं सुरू केली असती तर बरीच नजर टिकवता आली असती, आता व्रण धरलाय. दोन्ही डोळ्यांत. मग त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून?

मी म्हणालो, पंधरा दिवस.

बाबा शेजारच्या खुर्चीत होते. मी मान खाली घातली. वाटलं, आता बोलतील — बोलायलाच हवं होतं त्यांनी. ते डॉक्टरांकडे तोंड करून म्हणाले, "हो. पंधराच दिवस झाले."

का म्हणाले, ते मी विचारलेलं नाही. त्यांनीही मला कधी काही विचारलं नाही. बायको आजही नातेवाईकांना सांगते, अचानक झालं हो सगळं. मी तिथेच बसलेला असतो.

बाबा आता टीव्ही लावत नाहीत. नुसता आवाज ऐकून डोकं दुखतं म्हणतात. मी बघतो. सकाळी चहा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो की ते मान तिरकी करून विचारतात, "कोण?"

मी माझं नाव सांगतो.