दादाचा लीड टोन

यार, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय.

गेल्या वर्षी गेलेल्या अनिकेतदादाचा गिटारचा डिजिटल अ‍ॅम्प आज पहिल्यांदाच सुरू केला. त्यात त्याचा लीड टोन, म्हणजे सोलो वाजवतानाच्या आवाजाचं सेटिंग, सेव्ह आहे. मी वाजवलं, तर प्रत्येक नोट मध्येच गप्प! मग कळलं, खरखर कापणारा नॉइज गेट त्याने स्वतःच्या दणकट हाताच्या मापाने लावलाय. माझ्या हलक्या नोट्सही तो खरखर समजून कापत होता.

ते सेटिंग बदलणं जिवावर आलं. म्हणून त्याच्यासारखंच जोरात वाजवलं. आमच्या गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये हुबेहूब दादा घुमला.

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अनिकेत, आवाज कमी कर रे! खालचे परत येतील भांडायला."

मी आवाज कमी केला. "आई, मी आहे" असं म्हणवलं नाही.

तुम्हाला म्हणवलं असतं?