व्हर्नाच्या हातची सुई

व्हर्ना लारॉक माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्याच्या बोटीत पुढे ती आणि मागे मी, यात काडीचा बदल नाही. एरवी ती शाळेची सात नंबरची बस चालवते. सव्वीस वर्षांत त्या बसला साधा ओरखडा उठलेला नाही. बोलणी खायला मी आहेच.

सप्टेंबरात आमच्या नदीतले बास मासे पस्तीस-चाळीस फूट खोल उतरतात. मग ड्रॉप शॉट या गळाच्या पद्धतीशिवाय तरणोपाय नसतो. शिसं दोरीच्या अगदी टोकाला, गळ त्याच्या हातभर वर आणि गळाला बोटाएवढी रबरी मासोळी. शिसं तळाला टेकलं की दोरी जराशी सैल सोडायची आणि काठीचं टोक नुसतं थरथरवायचं. शिसं जागचं हलता कामा नये आणि मासोळी मात्र जिवंत वाटली पाहिजे. हे जमायला माणसाला वर्षं लागतात. मला तर अजून लागतायत.

गेली दोन वर्षं व्हर्नाला ते करावंच लागत नव्हतं. तिचा उजवा हात आपोआप थरथरायचा.

"बघ, फुकटची मोटार बसवून मिळाली," ती म्हणायची. "तुझ्यासारखं काठी घुसळत बसायला नको."

ही चेष्टा फक्त बोटीत. धक्क्यावर पाऊल ठेवलं की हात खिशात. कारण आमच्या मासेमारीच्या क्लबात मासे तोलायला बसतो मर्ल प्लँटी, आणि शाळेच्या सगळ्या बसगाड्याही त्याच्याच ताब्यात. त्यानं हात पाहिला की बस गेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "चाक धरलं की थांबतो रे," असं ती सांगायची आणि मी मान डोलवायचो. त्या मान डोलवण्याची मला आज लाज वाटते.

त्या शनिवारी क्लबाची वर्षातली शेवटची स्पर्धा होती. तीन वाजता धक्क्यावर पोहोचायचं होतं. दीड वाजता आमच्याकडे चार बरे मासे होते, नियमाप्रमाणे पाच लागतात. आणि व्हर्नाची काठी वाकली.

"जाळी घे," ती म्हणाली. मग आवाज चढला. "ड्यूई, सँडविच ठेव खाली!"

मासा दोनदा वर आला आणि दोनदा बोटीखाली घुसला. दोरी इतकी बारीक की मी श्वास रोखून धरला होता. जाळीत आला तेव्हा मी वजनाचा अंदाज घेतला. सात पौंडांच्या वर. क्लबात इतका मोठा मासा कुणी तोलला नव्हता. भावानं उभा जन्म ज्याच्यासाठी घालवला, तो हा मासा.

मासे जिवंत ठेवायच्या बोटीतल्या टाकीत सोडला आणि तो उलटा झाला. पांढरं पोट वर.

खोलातून झपाट्यानं वर आलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. पोकळ सुईनं ती हवा काढली नाही तर मासा जातो, आणि मेलेला मासा आमच्याकडे तोलतच नाहीत. सुई नेमकी जागीच जावी लागते. अख्ख्या क्लबाला ती टोचायला व्हर्नानं शिकवलं. एकदा कुणा नवख्यानं तीन मासे मारले, तेव्हापासून असा टोचलेला मासा आणला की तो ज्या पिशवीतून आणला तिला पिवळी चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर टोचणाऱ्याचं नाव लिहायचं. आमच्या चिठ्ठीवर नेहमी एकच नाव असायचं.

तिनं मासा पाण्यातच आडवा धरला, सुई काढली. हात थरथरत होता. तिनं कोपर टाकीच्या कडेला टेकवलं. हात थांबेना. सुई खवल्यावरून घसरली. दुसऱ्यांदा ती आत गेली, पण बोटभर पुढे, आणि पाण्यात रक्ताचा धागा पसरला.

"व्हर्ना, मला दे."

"तुला साधा बटाटा सोलता येत नाही."

"मासा मरतोय गं!"

कल्ले आता फार हळू हलत होते. वारा वाढला होता, बोट डुलत होती, आणि मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत अशी भीती मी भावाच्या आजारपणातही पाहिली नव्हती. तिनं सुई माझ्या हातात दिली.

"बाजूचा पर मागे दाब. आता पाठीवरच्या खाचेतून सरळ खाली ये. तिथलं एक खवलं उचल. आणखी मागे. मागे म्हटलं ना, गाढवा! हं. आता तिरपी घाल."

माझा घाम पाण्यात ठिबकत होता. सुई आत गेली, काही झालं नाही. जरा आणखी रेटली, आणि बारीक बुडबुड्यांची माळ वर आली.

"थांब... थांब... काढ!"

मासा क्षणभर तसाच राहिला. मग शेपूट हललं आणि तो सरळ झाला. मी सुई पुसून तिच्याकडे परत दिली.

परतताना तिनं चिठ्ठी आणि पेन काढलं. मी म्हणालो, "तुझंच नाव लिही. बघायला होतं कोण?"

"सुई बोटभर चुकली, ड्यूई," ती म्हणाली. "बसमध्ये बत्तीस पोरं असतात."

तिनं पेन घट्ट धरलं आणि लिहायला लागली.

तीनला सात मिनिटं असताना आम्ही पोहोचलो. मर्लनं मासा तराजूवर ठेवत शीळ घातली, मग चिठ्ठी वाचली. अक्षर वेडंवाकडं, पण नाव माझंच होतं.

"ड्यूईनं टोचली? आणि तू काय करत होतीस, झोपली होतीस?" सगळे हसले.

व्हर्नानं खिशातून हात काढला आणि तराजूच्या टेबलावर ठेवला. तराजूचे आकडे नाचायला लागले. सात पौंड, सव्वासात, सहा, पुन्हा सात. हसणं एकेक करून थांबलं.

"कधीपासून?" मर्लनं हळूच विचारलं.

"दोन वर्षं. सोमवारी सात नंबरला दुसरं कुणीतरी बघ."

मर्लनं एकदा त्या हाताकडे, एकदा तराजूकडे पाहिलं. "हात काढ, व्हर्ना," तो म्हणाला, "आकडा ठरत नाहीये."

तिनं बसची किल्ली टेबलावर ठेवली आणि हात उचलला. आकडा सात पौंड दोन औंसांवर थांबला.