सांवरीच्या कापसाची बंडी

कितीही उकडो, सांवरकाकीच्या घरात पंखा कधी फिरला नाही. खिडक्या बंद, तोंडाला पदर, आणि मधोमध काकी सांवरीची बोंडं फोडत बसलेली. तो कापूस इतका हलका, की कुणी मोठ्याने बोललं तरी उडे. "हळू बोल गो, माझो कापूस पळता," असं म्हणून ती खोकत राही.

परसातलं सांवरीचं झाड तिने लग्न होऊन आल्यावर लावलेलं; त्यावरूनच ती सांवरकाकी. त्या कापसाच्या उशा ती विकायची. मग नवरा मासेमारीला गेला तो परतलाच नाही. प्रेतही मिळालं नाही; दर्भाचा पुतळा जाळावा लागला. तेव्हापासून उशा बंद झाल्या. सांवरीचा कापूस पाणी पीत नाही, तरंगतो. जुन्या ताडपत्रीत तो भरून ती बिनबाह्यांच्या बंड्या शिवू लागली. होडीवरच्या जीव वाचवायच्या विकतच्या जाकिटांत उकडतं म्हणून पुरुष त्यांच्यावर बसत. काकीच्या बंडीला तर हसतच. माझा भाऊ म्हणायचा, "काकी, उशी बांधून मासे धरूचे काय?"

"हस रे. दर्यो हसना नाय."

तिचा मुलगा दिगूही बंडी घालत नसे. तीन वर्षांपूर्वी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात मात्र किनाऱ्यावर सगळ्यांदेखत तिने त्याला ती बांधली. तो लाजला, पण तशीच घालून होडीत चढला. परतताना खाडीच्या तोंडाशी त्याची आणि माझ्या भावाची होडी उलटली. भाऊ पोहत आला. दिगूचं डोकं होडीच्या काठावर आपटलं होतं. सकाळी त्याचं प्रेत खडकांपाशी तरंगताना सापडलं.

ओल्या बंडीच्या गाठी काकीनेच सोडल्या. "बापूस गावलो नाय. ह्यो तरी गावलो," एवढंच म्हणाली.

आता ती सांवर तोडून टाकणार, असं वाडीला वाटलं. तेराव्यानंतर भाऊ तिच्या दारात जाऊन उभा राहिला. काकीने दोरी घेतली आणि त्याची छाती मापू लागली. "मोठो श्वास घे," म्हणाली. मग दोरी तशीच धरून थांबली. "डोक्याक काय बांधूचा, ता माका सुचलाच नाय रे."

त्या वर्षी तिने साऱ्या वाडीला बंड्या शिवल्या. डॉक्टरांनी कापसाला हात लावू नका सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. गेल्या चैत्रात, झाडावर बोंडं उकलत असताना, ती गेली.

आता बोंडं मी फोडते. माझी शिवण वाकडी येते, दोनदा उसवावी लागते. भाऊ बंडी घालतो आणि गाठी मारून घ्यायला माझ्यासमोर उभा राहतो.