धुळीचा रकाना

"बाई, कोट्यातून नोकरी मिळाली म्हणून दशांश शिकायचे राहिले का?"

हिंगण्याच्या सरकारी कारखान्यात साहेब हे सात माणसांसमोर म्हणाले. तपासणीला बाहेरून आलेले दोघे हसले. मग आमचेही हसले. साहेबांनी माझ्या हातातला माऊस ओढून घेतला. मी खुर्चीवरून उठले. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पन्नाशीला आलेली बाई, शिक्षा झालेल्या मुलीसारखी भिंतीला टेकून उभी.

माझी चूक काय? ग्राइंडिंग विभागात ओतीव भाग घासून साफ करत. तिथल्या हवेतली धूळ दर महिन्याला मोजली जायची. आकडे मी कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये भरायची. मी ०.४२ भरलं होतं. मर्यादा त्याच्या कितीतरी खाली होती. साहेबांनी तो रकाना निवडला आणि दशांश कमी करायचं बटण दोनदा दाबलं. ०.४२ चं ० झालं.

"आकडा आत तोच आहे. आपण फक्त दाखवायची पद्धत बदलली. यात खोटं काय?"

बाळांनो, खोटं काय ते मला कळत होतं. तरी त्यानंतर दर महिन्याला ते बटण मीच दाबलं. छापलेला कागद नोटीस बोर्डावर लागायचा.

तुमचे आजोबा त्याच ग्राइंडिंगवर होते. मे महिन्यात तिथे मास्क लावला की जीव गुदमरायचा. एकदा जेवताना मी म्हटलं, तरी लावत जा. ते हसले.

"बोर्डावर तं शून्य लिहून राहते ना वं. मंग काहून लावू? तूच तं टाइप करतं."

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

दोन वर्षांत त्यांना जिना चढवेना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, धुळीत काम करता का? ते माझ्याकडे पाहून नाही म्हणाले. नाही म्हणाले.

त्या महिन्यात मी दशांश तसेच ठेवले. कागद छापला. बोर्डावर स्वतः लावला. माणसं थांबून वाचू लागली. आजोबांच्या शेजारच्या मशीनवरचा गडी जवळ आला.

"वहिनी, हे आताच वाढलं का?"

"नाही भाऊ. पहिल्यापासून एवढंच होतं. मी लपवलं."

तासाभरात साहेबांनी कागद फाडला. माझी बदली गोदामात झाली. आजोबा वर्षभर अंथरुणावर बसून होते. आडवं झालं की श्वास अडायचा. बोर्डाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. मला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ते बसल्या बसल्याच गेले.

आता त्यांच्या सोबतच्या चौघांचा दावा कोर्टात आहे. चौघांचीही छाती तशीच. कंपनी तेच शून्याचे कागद पुढे करते आहे. मूळ फाइल मी बदलीआधी उतरवून घेतली होती, ती माझ्याजवळ आहे. शून्याच्या सेलवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत खरा आकडा दिसतो. तुमचा बाबा तिकडून फोनवर म्हणाला, आई, साक्ष दिलीस तर तुझ्यावरच येईल.

येईल. यायलाच हवं. तुम्हाला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे लिहिलं.

सोमवारी मी कोर्टापुढे एकेक सेल उघडणार आहे. आणि म्हणणार आहे: साहेबांनी शिकवलं. बटण मी दाबलं. दोन्ही नावं लिहून घ्या.