पीटीच्या बाईंची खुर्ची

पीटीच्या बाई त्या जागी पहिल्यांदा गेल्या त्या भांडायला. गल्लीच्या टोकाला जुना बर्फाचा कारखाना होता. तो कुणीतरी विकत घेतला आणि तिथे क्राफ्ट बिअर बनवायला सुरुवात केली. पुढच्या बाजूला बसून प्यायची सोय, मागच्या बाजूला स्टीलच्या मोठाल्या टाक्या. आठवड्यातून दोनदा टाक्यांवरून असा वास सुटायचा की बाईंच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरी उकडलेल्या सातूच्या वासाने भरून जायच्या. बाईंनी दोनदा सहन केलं. तिसऱ्यांदा चादर खांद्यावर टाकली आणि तशाच निघाल्या.

मुलींच्या शाळेत पीटी शिकवण्यात बाईंचा जन्म गेला होता. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. त्यांनी चादर काउंटरवर आपटली आणि जे सुनावायचं ते सुनावलं. मालक बिचारा चाळिशीतला, घामाघूम, रबरी बूट घातलेला माणूस. त्याने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं, चादर हुंगली, चूक कबूल केली, आणि टाक्यांच्या वाफेचं तोंड दुसऱ्या दिशेला काढायचं वचन दिलं. मग एक छोटा ग्लास पुढे केला आणि म्हणाला, घसा कोरडा पडला असेल. बाईंनी आयुष्यात बिअर प्यायली नव्हती. पण कुणी काही पुढे केलं आणि आपण घाबरून मागे सरलो, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एका घोटात अर्धा ग्लास संपवला.

आवडली. त्याला इलाज नव्हता.

खरं सांगायचं तर बिअर हे निमित्त होतं. नवरा गेल्यापासून बाईंच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या होत्या. मुलगा-सून दुसऱ्या देशात, फोनवर 'जेवलात का' यापलीकडे गाडी सरकत नसे. नणंद दर रविवारी यायची, पण ती बोलायला यायची, ऐकायला नाही. दिवसभरात बाईंचं मत कुणी विचारत नव्हतं. जिने शेकडो पोरींना एका शिट्टीवर धावायला लावलं, तिला आता दूधवालासुद्धा विचारत नव्हता की उद्या किती ठेवू, कारण त्याला माहीत होतं, अर्धा लिटर.

आणि त्या कारखान्यात, खिडकीपाशी, एक मोठं टेबल होतं, जिथे लोक एकमेकांना मतं विचारत बसायचे. दर गुरुवारी मालक नवीन बिअरचा पहिला जग त्या टेबलावर आणून ठेवायचा आणि मग तिथली मंडळी डोळे मिटून, ग्लासात नाक खुपसून, 'तुला काय वाटतं' असं एकमेकांना गंभीरपणे विचारायची. त्यांच्यातल्या मुख्य माणसाला सगळे अध्यक्ष म्हणत. कसले अध्यक्ष, कुणी निवडून दिलं, हे विचारायची सोय नव्हती. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, एवढंच माहीत. त्यांच्या उजव्या हाताला दातांचे डॉक्टर बसत, जे मान हलवण्यापलीकडे फारसं काही करत नसत. टेबलाला मोजक्या खुर्च्या होत्या आणि एक रिकामी झाल्याशिवाय नव्या माणसाला जागा नाही, असा नियम होता. बाकीच्यांनी भिंतीकडेच्या बाकावर बसायचं आणि टेबलाकडे बघत प्यायचं.

बाईंनी ते टेबल बघितलं आणि त्यांना तिथे बसावंसं वाटलं. इतकं वाटलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पण त्या टेबलाची नव्या माणसाचं स्वागत करण्याची एक पद्धत होती. स्वागत हा त्यांचा शब्द. बाकावर कुणी नवखा येऊन बसला की टेबलावरचा सगळ्यात नवा सभासद त्याच्याकडे जायचा, हातात नॅपकिनमध्ये गुंडाळलेला ग्लास, म्हणजे आतला रंग दिसू नये. आदबीने सांगायचं, ही आमची सगळ्यात दुर्मीळ बिअर, वर्षभर लाकडी पिंपात मुरवलेली, खास तुमच्यासाठी. नवखा माणूस एवढ्याने भारावून जायचा. घोट घ्यायचा, आणि घाबरत घाबरत का होईना, छान आहे म्हणायचा. मग टेबलाखालून एक डबा निघायचा, समोरच्या दारूच्या दुकानात मिळते त्या स्वस्त बिअरचा, आणि सगळं टेबल दात काढायचं. बरेच जण पुन्हा दिसत नसत. अध्यक्षांच्या मते ही चाळणी होती.

बाईंनाही ते झालं. बाई म्हणाल्या होत्या, "वा, फारच छान." डबा समोर आल्यावर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत कुणाची टाप नव्हती त्यांच्यापुढे हसायची. अध्यक्षांनी वर समजुतीच्या सुरात सांगितलं की बाई, तुम्ही आपलं सरबत घेत जा, ह्यात पडू नका. बाईंनी पैसे चुकते केले, ताठ मानेने घरी गेल्या, आणि घरी गेल्यावर भांड्यांचा असा काही आवाज केला की वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर काठी आपटली.

दुसरी कुणी असती तर गेली नसती. बाई पुढच्या गुरुवारी सहाच्या ठोक्याला बाकावर हजर. त्याच्या पुढच्या गुरुवारी पण. त्यांनी मनावर घेतलं म्हणजे घेतलं. मालकाच्या मागे लागून धान्य चावून बघितलं, बिअरला कडूपणा देणारी हॉप्सची वाळकी फुलं तळहातावर चुरून हुंगली. घरी साबणाची वडी, कॉफीची बरणी, नवी चप्पल, जे हाताला लागेल ते नाकाला लावायला लागल्या. नणंदेला वाटलं, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. हळूहळू टेबलावरून एखादा प्रश्न बाकाकडे यायला लागला. बाई उत्तर द्यायच्या, आणि ते उत्तर अध्यक्षांना पटेल असंच द्यायच्या. त्यांना कडूजहर बिअर आवडत नव्हती, तरी आवडते म्हणायला शिकल्या. शेवटी टेबलावरच्या एकाची बदली झाली आणि अध्यक्षांनी बोट वाकवून बाईंना बोलावलं.

त्या रात्री बाईंना लवकर झोप लागली नाही, इतका आनंद.

आणि इथे बाईंची बाजू घेऊन बोलायची माझी पंचाईत होते, कारण त्यानंतर बाई चढेल झाल्या. रविवारी नणंदेने प्रेमाने कॉफी केली तर 'जळकट वास येतोय, तुला कळत नाही का' म्हणाल्या. बाकावर नेहमी येणारं एक जोडपं बिअरमध्ये बर्फ मागत होतं, तेव्हा टेबलावर सगळ्यात मोठ्याने नाक मुरडलं ते बाईंनी. त्यांना खुर्ची मिळाली होती आणि ती मिरवायची होती. माणूस आहे, चालायचंच, असं म्हणून मी हे सोडून देणार नाही. वाईट ते वाईट.

आता नवख्याकडे ग्लास न्यायची पाळी बाईंची होती. पण बरेच गुरुवार कुणी नवखं आलंच नाही. आणि मग एका गुरुवारी दारात उभे राहिले ते वरचे शेजारी.

वरचे शेजारी म्हणजे काठी आपटणारे ते. त्यांच्या बाथरूमचा पाइप गळत होता आणि बाईंच्या स्वयंपाकघराच्या छताला हिरवा डाग पडला होता. बाईंनी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, सोसायटीत तक्रार करून पाहिली. गृहस्थ म्हणायचे, पाइप माझा नाही, पाणी तुमचंच. तेव्हापासून बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आले तर दोघंही भिंत बघत चढायचे.

ते बाकावर बसताच बाईंनी टेबलावर सगळी हकीकत सांगितली. अध्यक्षांना उकळ्या फुटल्या. असा आयता बकरा, आणि न्यायला बाई. डॉक्टरांनी लगबगीने डबा फोडला, ग्लास भरला, नॅपकिन गुंडाळला. बाईंनी तो हातात घेतला तेव्हा, खोटं कशाला बोलू, त्यांना गुदगुल्या होत होत्या. सगळ्या डागाचं उट्टं आज निघणार होतं.

त्या बाकापाशी गेल्या. गृहस्थांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाणी लावून चापूनचोपून बसवले होते. बाईंना बघून ते उठून उभे राहिले.

"बाई, तुम्ही इथे असता ते माहीत होतं," ते म्हणाले. "तीनदा दारापर्यंत येऊन परत गेलो. आज म्हटलं, निदान ओळखीचं एक माणूस तरी आहे."

गृहस्थ स्वतःच पुढे सांगू लागले. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली होती, ती आता तिथेच राहायचं म्हणत होती. संध्याकाळी घर खायला उठतं. टीव्ही लावला तरी उठतं. आणि बोलता बोलता त्यांनी बाईंच्या हातातला ग्लास बघून दोन्ही हात पुढे केले, जसा प्रसाद घेताना करतात तसे.

मागे टेबलावर कुणीतरी खोकून हसू दाबलं. बाईंना ते ऐकू आलं. ते हसू त्यांनी यापूर्वी बाकावरून ऐकलं होतं, आणि पुढे टेबलावर बसून बर्फ मागणाऱ्या जोडप्याला स्वतःही हसल्या होत्या. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली. गृहस्थांनी ग्लास ओठाला लावला, तोच बाईंनी त्यांच्या मनगटाला धरलं.

"थांबा. ही समोरच्या दुकानातली डब्याची बिअर आहे. तुम्ही छान म्हणालात की ते सगळे तुम्हाला हसणार. ग्लास न्यायची आज माझी पाळी होती."

बाईंना हळू बोलता येत नसे. पार काउंटरपर्यंत ऐकू गेलं. मालकाच्या हातातला नळ तसाच वाहत राहिला.

गृहस्थांनी ग्लासाकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. मग विचारलं, "मग मी ही पिऊ की नको?"

"तहान लागली असेल तर प्या."

त्यांनी घोट घेतला. "चांगली आहे की."

"मलाही चांगलीच वाटली होती," बाई म्हणाल्या. "अजून वाटते. घरी फ्रिजमध्ये आहे माझ्या." हे त्यांनी टेबलाकडे तोंड करून सांगितलं.

अध्यक्ष उठून आले. त्यांनी आवाज न चढवता बोलायला सुरुवात केली. बाईंनी खेळ मोडला, टेबलाची इतक्या दिवसांची रीत मोडली, आणि असं असेल तर टेबलाला विचार करावा लागेल. खुर्ची सोडणं बरं, असं त्यांनी शेवटी सुचवलं.

"दोन्ही बाजूंना नियम माहीत असतील तर तो खेळ," बाई म्हणाल्या. "एकालाच माहीत नसेल तर तुम्ही पाच-सहा जण मिळून एका माणसाला धरून ठोकताय. मी शाळेत असल्या पोरींना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. आणि खुर्ची मी सोडत नाही. भीक म्हणून मिळालेली नाही ती."

असं म्हणून त्यांनी गृहस्थांचा दंड धरला आणि त्यांना सरळ टेबलाकडे नेलं. वाटेत सांगितलं की पाइपाचं बोलणं वेगळं, तो तुमचाच आहे आणि तो तुम्हीच दुरुस्त करायचा. गृहस्थ बावचळून हो म्हणाले. बाईंनी आपली खुर्ची ओढली, त्यांना तिच्यावर बसवलं, आणि स्वतः मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

अध्यक्ष म्हणाले, एका खुर्चीवर एकच माणूस, हा नियम आहे. बाई म्हणाल्या, एकच बसलाय, मोजा. मालक काउंटरमागे काहीतरी पुसायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

मग मालकाने दर गुरुवारसारखा नव्या बिअरचा जग आणून ठेवला. काळी, कडू, अध्यक्षांच्या आवडीची. गृहस्थांनी ग्लासात नाक खुपसलं नाही, डोळे मिटले नाहीत. प्यायले आणि म्हणाले, "मला नाही आवडली बुवा." टेबलावरचे सगळे हसायच्या तयारीत बाईंकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, मलाही नाही आवडत, कधीच नाही आवडली, दुसरी मागवू. डॉक्टरांनी आपला भरलेला ग्लास हळूच दूर सरकवला. ते कुणी बघितलं नाही असं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतरचा प्रत्येक गुरुवार असाच गेला. बाई सगळ्यांच्या आधी येऊन आपल्या खुर्चीवर बसायच्या, आणि दारात कुणी नवखं बिचकत उभं राहिलं की उठायच्या, त्याला हाताला धरून आणायच्या, खुर्चीवर बसवायच्या आणि मागे उभ्या राहायच्या. बर्फ मागणारं जोडपं आलं तेव्हा डॉक्टर न बोलता उठले, म्हणून दोघांनाही बसता आलं. बाईंनी त्यांच्यासाठी बर्फ स्वतः आणला आणि मागे आपण नाक मुरडलं होतं ते तोंडावर कबूल केलं. पाय सुजायचे बाईंचे. नणंद म्हणायची, वहिनी, हट्ट सोडा, गुडघ्यांचं बघा. बाई गरम पाण्यात पाय सोडून बसायच्या आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा उभ्या.

अध्यक्षांची मात्र गोची झाली होती. बसलेल्या माणसाला ऊठ म्हणता येतं. उभ्या माणसाला काय म्हणणार? लोक बघायचे. बाकावरचे बघायचे, काउंटरवरचे बघायचे, की एवढ्या वयाची बाई उभी आहे आणि हे बसून वास घेतायत. शेवटी एका गुरुवारी त्यांनाच ते सहन होईना.

"बाई, बसा हो आता," ते म्हणाले. "बरं दिसत नाही."

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. बाकावर चार जण ग्लास मांडीवर धरून टेबलाकडे बघत होते.

"ते बसले इथे की बसते."