तात्यांच्या गव्हाचा ब्रेड

हिंजवडीतल्या आमच्या पीजीचे किस्से सांगायला बसले की माझी रूममेट सायली म्हणते, "फक्त ब्रेडचे सांग, नाहीतर आज जेवण मिळणार नाही." पण ब्रेडचेच तर सगळ्यात जास्त साठलेत! ओट्यावर सांडलेल्या पिठासारखं झालंय ते. कितीही पुसा, फटीत थोडं राहतंच.

पीजी म्हणजे अक्कांचं घर. खाली अक्का, त्यांचे मिस्टर दादा आणि सासरे तात्या. वरच्या मजल्यांवर आम्ही मुली. घरामागे तात्यांच्या शेताची शेवटची पट्टी. बाकीच्या शेतावर आता काचेची ऑफिसं उभी आहेत, त्यातल्याच एकात मी नोकरी करते. ही एवढी पट्टी मात्र तात्यांनी विकू दिली नव्हती. दर वर्षी तिच्यात गहू.

आम्ही छोटा ओव्हन आणला, त्या दिवशी अक्कांनी अटी घातल्या. "मीटर पळाय नको, पसारा दिसाय नको, आन् माझी भांडी घ्यायची न्हाईत."

"मग ब्रेड करायचा कसा, अक्का?"

"बेकरीतनं आणायचा!"

तरी पहिला ब्रेड मी केला. यीस्ट, पीठ, मीठ, साखर, थोडं तेल. एवढं सोपं! फक्त यीस्टमध्ये कढत पाणी ओतलं. यीस्ट मेलं आणि ब्रेड जसा आत गेला तसाच बाहेर आला. मागच्या पायरीवर तात्या बसले होते. त्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला, पायरीवर हळूच आपटून पाहिला.

"बांधावर ठिवायला बरा हाय," म्हणाले.

*

दुसऱ्या वेळी पाणी कोमट घेतलं. गोळा मळून, ओलं फडकं टाकून खिडकीत ठेवला आणि आंघोळीला गेले. येऊन बघते तर पातेलं घासून पालथं!

"नासलं हुतं," अक्का शांतपणे म्हणाल्या. "दुप्पट फुगलं हुतं नुसतं."

"फुगायलाच ठेवलं होतं!"

"नासकं पीठ खाता, आन् वर आमाला अडाणी म्हणता."

अडाणी वगैरे मी तोपर्यंत म्हटलंच नव्हतं. नंतर मात्र पुष्कळ बोलले. मोठ्या माणसांचं हे मला अजिबात झेपत नाही. आधी टाकायचं, मग विचारायचं!

*

त्या भांडणाचा शेवट तात्यांनी केला. संध्याकाळी जिन्याखालून हाक आली, "पोरी, पिशवी घिऊन ये." खाली त्यांनी घमेलंभर गहू ओतले. "दुकानाच्या पिठाचं काय खाता? ह्ये दळून आण."

त्या पिठाचा ब्रेड फारसा फुगला नाही. तपकिरी, जड, बसका. तात्यांना दात नाहीत. त्यांनी तुकडा चहात बुडवून खाल्ला, आम्ही सगळ्या तोंडाकडे बघत उभ्या.

"चपाती बरी," असा निकाल आला.

पुढच्या रविवारी सकाळी आमचे डोळेही उघडले नव्हते, तर खालून, "झाला का गं तो?"

तेव्हापासून रविवारचा पहिला तुकडा तात्यांचा. आणि दर रविवारी तोच निकाल!

*

फेब्रुवारीत गहू पिवळा पडायला लागला की ऑफिसातली मंडळी लंच ब्रेकमध्ये पट्टीत घुसून रील करायची. शेजारच्या बिल्डिंगच्या सावलीत येणारा अर्धा गहू उशिरापर्यंत हिरवा राहायचा, म्हणून त्यांना बॅकग्राउंडला दोन रंग मिळायचे. एकदा एका मुलानं तात्यांना अगदी नम्रपणे विचारलं, "काका, हे गवत कुठल्या नर्सरीतून आणलं?"

मला वाटलं, आता काठी उगारणार. तात्या म्हणाले, "कुनाचा रं तू?"

त्यानं कंपनीचं नाव सांगितलं.

*

पावसाळ्यात बिल्डर आला. दादांनी त्याला पट्टी दाखवली, अक्कांनी चहा केला, आणि तात्यांनी सही केली. भांडण नाही, आरडाओरडा नाही, काही नाही! मला कळलं तेव्हा मी तशीच पायरीवर गेले.

"तात्या, जमीन तुमच्या नावावर आहे ना? मग नाही म्हणायचं! तुम्ही नाही म्हटलं असतं तर कोणी काय केलं असतं?"

"काय न्हाय."

"मग?"

"तुझ्या बापाला इचार," तात्या म्हणाले, "पोराला न्हाय म्हनून त्याच्याच घरात कसं जेवायचं त्ये."

मी वडिलांना विचारलं नाही.

*

त्यानंतर तात्यांनी एकच मागणी केली. दसऱ्याला सगळे जेवायला बसले असताना दादांना म्हणाले, "यंदाचं एक पीक घिऊ दे. काम सुरू व्हायला येळ हाय म्हनतोस ना?"

"तात्या, पझेशन दिलंय आता. पत्रे लागणारेत."

"पत्र्याच्या आत पेरतो की."

दादा हसले. त्यांना तो विनोद वाटला. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तात्यांच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

दोन दिवसांत पट्टीभोवती पत्रे लागले. निळे. त्यावर टॉवरचं चित्र, आणि चित्रात टॉवरपुढे हिरवळ.

*

तात्यांनी दिलेले गहू तोवर संपले होते. रविवारी मी दुकानाच्या मैद्याचा ब्रेड केला. असा फुगला की ओव्हनच्या वरच्या दांडीला टेकला! पांढरा, हलका, फोटोतल्यासारखा. तात्यांनी पायरीवर बसून, पत्र्याकडे बघत, तुकडा चहात बुडवला.

"झ्याक झालाय," म्हणाले.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा! मला त्यांच्या हातातला कप ओढून घ्यावासा वाटला. दुसरा तुकडा त्यांनी घेतला नाही.

*

दिवाळीनंतरची गोष्ट. बाकीच्या मुली अजून गावाहून यायच्या होत्या. दारावर थाप पडली. बाहेर तात्या. गुडघ्यामुळे ते कधी वर येत नसत. जिन्याचा कठडा धरून धापा टाकत उभे होते, काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. मी घाईघाईनं ते घेऊन ओट्यावर सोडलं. गहू. वर कडुलिंबाचा वाळलेला पाला. मी मूठ भरून पाहिली. एकसारखा, टपोरा दाणा, त्यात एकही बारका नाही, किडका नाही.

"वा, तात्या! इतका चांगला माल लपवून ठेवला होता? आणि आम्हाला इतके दिवस बारके गहू!"

"ह्ये दळायचं नसतंय," तात्या म्हणाले. "पेरायचं असतंय."

माझी मूठ तशीच राहिली. खाली कुठेतरी ड्रिलिंग चालू होतं, ओट्यावरच्या डब्यांची झाकणं थरथरत होती. तात्यांनी माझ्या मुठीखाली हात धरला, गहू परत फडक्यात ओतून घेतले आणि गाठोडं माझ्याकडे सरकवलं.

"बारीक दळ म्हनावं," ते म्हणाले. "पाला तेवढा येचून घे."